उपाशी ठेवायचं पीक

निपाणी,
१८ डिसेंबर २०२४

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणता आणि तुम्हाला एक अक्षर ऐकू आलेलं नसतं, हे मला आता कळून चुकलं आहे. परवा मी विचारलं, तळ्यातलं पाणी ढवळायचं चाक फिरतंय का, तर तुम्ही म्हणालात, जेवलो. म्हणून हे पत्र.

डॉक्टरांनी मला प्रसूतीपर्यंत पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं आहे. सातवा महिना आहे आणि रक्तदाब उतरायचं नाव घेत नाही. आजी दारात पोतं टाकून बसते आणि मी पाय खाली सोडला की ओरडते. त्यामुळे बेळगुंदीला येणं आता नाहीच.

बेळगावात खडेबाजारच्या ऑफिसातल्या पाटीवर 'हिरवण फ्युएल्स'चे संचालक म्हणून तुमचा नागेंद्र, विक्रम आणि मी अशी तिघांची नावं आहेत. पण तळ्याकाठी तिघांतलं एकही नाही. ते दोघे बेंगळूरला तेल कंपनीच्या लोकांच्या मागे फिरताहेत, मी इथं आडवी. लॅबमधली सौम्या आईच्या ऑपरेशनसाठी लोंढ्याला गेली. उरलात तुम्ही. जमीन तुमची आणि घरही तळ्याला लागून, म्हणून तुम्हालाच सांगते.

रविवारी, २२ तारखेपासून, चारही तळ्यांचं खाद्य बंद करायचं. आपलं शेवाळ पोट भरलेलं असलं की नुसतं वाढतं, तेल धरत नाही. खायला मिळेनासं झालं की पुढच्या दिवसांची सोय म्हणून अंगात तेल साठवतं. त्याचा हिरवा रंग जाईल, पिवळट होईल. तो पिवळेपणा म्हणजेच तेल, तेव्हा घाबरू नका. आठ जानेवारीला तेल कंपनीचे पाहुणे येऊन स्वतः नमुना घेणार आहेत. शंभरात पंचवीस भाग तेल निघालं तर करार होईल. नाही निघालं तर विक्रम टपलेलाच आहे. त्याला इंधन सोडून शेवाळाच्या ताकदीच्या गोळ्या विकायच्या आहेत. त्याला लागतं ते शेवाळ वेगळं, माझं वाण तो ओतून देईल.

आणि ते एकदा गेलं की परत मिळायचं नाही. ज्या तंबाखूच्या वखारीत आजीनं चाळीस वर्षं काम केलं, तिच्या मागच्या हौदात मला ते सापडलं होतं. वखार पाडली, हौद बुजवला, आता तिथं दुकानांचे गाळे आहेत. कॉलेजात ठेवलेल्या दोन बाटल्या दिवाळीच्या सुट्टीत फ्रीज बंद पडून मेल्या. जे आहे ते तुमच्या तळ्यांत आणि तिथल्या लॅबमध्ये. तुम्ही रंग तेवढा कळवत राहा.

तुमची,
पारमिता


बेळगुंदी,
२६ डिसेंबर २०२४

चि. पारमिता हिस,
नागोजीचे अनेक आशीर्वाद.

आमचा नागेंद्र कंपनीचा एमडी झाल्यापासून मला पत्र लिहिणारं कुणी राहिलं नव्हतं. तो मला आवाजातले मेसेज पाठवतो. बहिऱ्याला. असो, शिकलेला आहे.

तू सांगितलंस तसं खाद्य रविवारपासून बंद केलं. पोती शेडमध्ये रचून वर ताडपत्री घातली. पण पोरी, बोलतो त्याचा राग मानू नकोस. साठ वर्षं भात केला, बटाटा केला, रताळी केली. पाऊस नाही म्हणून पीक उपाशी मेलेलं पाहिलं. पण पोती घरात असताना पिकाला मुद्दाम उपाशी ठेवायची वेळ पहिल्यांदाच आली. काल चौथं तळं फिकं पडलं होतं, आज कावीळ झाल्यासारखं दिसतंय. बाकीची तीनही त्याच वाटेवर आहेत.

आमची जयाबाई रोज सकाळी जाऊन बघते आणि हळहळत परत येते. म्हणते, "तिकडं पोर पोटुशी, आन् हिकडं तिचंच पीक उपाशी. हे बरं न्हाय दिसत." मी म्हणालो, अगं, सायन्स आहे ते. तर म्हणाली, "सायन्सला पोट नसतंय व्हय?" आता यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही.

विक्रम आज सकाळी येऊन वरून फोटो काढून गेला. पिवळं फोटोत चांगलं दिसत नाही म्हणाला.

तू वेळेवर जेवतेस ना? तुझ्या आजीला नमस्कार सांग.

नागोजी


निपाणी,
३० डिसेंबर २०२४

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

पत्र आज मिळालं. कावीळ झाली हे वाचून मी एवढी हसले की आजी धावत आत आली. तिला सांगितलं, आप्पांच्या तळ्यांना कावीळ झालीय. ती म्हणाली, "मग हसत्यास काय, औशीद सांग त्यास्नी."

हेच हवं होतं, आप्पा. अगदी असंच. अजून नऊ दिवस काढायचे. मधे एक चमचासुद्धा खाद्य नको, कारण पोटात पडलं की ते साठवलेलं तेल मोडून पुन्हा वाढायला लागतं. जयाबाईंना सांगा, सायन्सला पोट असतं, पण माझं पोट सध्या दोघांचं काम करतंय, तेव्हा त्यांनी काळजी करू नये.

रात्रंदिवस छताकडे बघत असते. तुमच्या पत्रांमुळे चार तळी तरी डोळ्यांपुढे येतात.

पारमिता


बेळगुंदी,
२ जानेवारी २०२५

चि. पारमिता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण एक सांगायचं आहे म्हणून वाट न बघता लिहितो.

सोमवारी येळ्ळ अमावस्या झाली. आमच्या गावात तिचं एवढं नाही, पण जयाबाईचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यामुळे लग्न झाल्यापासून आमच्या घरात ती चुकलेली नाही. त्या दिवशी उभ्या पिकाला पोटुशी मानतात आणि चरग घालतात. म्हणजे पुरणाचे कडबू, भाकरीचे तुकडे, भाजी, सगळं शेतभर उधळत पिकाला जेवायला घालायचं. आता माझं उभं पीक कुठलं? सगळं रान तर तळ्यांखाली गेलेलं. मग जयाबाई परडी घेऊन तळ्यांवरूनच फिरली.

ती उधळत होती आणि मी ते पिवळं पाणी बघत होतो. दोन कडबू टाकून काय त्याचं पोट भरणार. मला राहवलं नाही. चारही तळ्यांत एकेक पोतं युरिया सोडला. एकाच दिवसापुरता. एकादशीलासुद्धा पारणं असतंच की. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बंद केलं, तुझी शपथ.

आणि काय सांगू, आज सकाळी बघतो तर चारही तळी हिरवीगार. नागेंद्र काल बेंगळूरहून आला, तोही बघून खूश झाला. पाहुण्यांना दाखवायला आता लाज नाही म्हणाला. तुझं ऐकलं नाही म्हणून कान धर, पण मला वाटतं, ऐकून तुलाही बरं वाटेल.

नागोजी


निपाणी,
१० जानेवारी २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

तुमचं दोन तारखेचं पत्र सात तारखेला दुपारी मिळालं. अमावस्येचं सगळं वाचलं. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी तुमच्याकडे जेवले होते, ते कडबू अजून आठवतात.

पाहुण्यांच्या नमुन्यात शंभराला नऊ भाग तेल निघालं. कमीच आहे. यंदा थंडीही जास्त होती. असं होतं कधी कधी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सात तारखेलाच माझं नागेंद्रशी फोनवर बोलणं झालं आहे. तो सगळं बघून घेतो म्हणाला.

हातापायांना सूज आहे, म्हणून आज एवढंच.

पारमिता


बेळगुंदी,
२७ जानेवारी २०२५

पारमिता,

तू दर वेळी जयभीम लिहितेस आणि मी आशीर्वाद लिहितो. आज आशीर्वाद द्यायची माझी लायकी वाटत नाही, म्हणून जयभीम.

सौम्या वीस तारखेला लोंढ्याहून आली. शेडमध्ये चार पोती कमी दिसली म्हणून तिनं विचारलं आणि मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. मला ऐकू येत नाही म्हणून तिनं वहीत लिहून दाखवलं, की युरिया मिळाला की शेवाळ अंगातलं तेल मोडून खातं. तुझं तीस तारखेचं पत्रही तेच सांगत होतं. ते मला चार जानेवारीला मिळालं होतं. वाचलं आणि घडी घालून ठेवलं, म्हटलं एका दिवसानं काय होतंय. नंतर ती घडी पुन्हा उघडली नाही.

संध्याकाळी नागेंद्रला विचारलं, "तुला ठावं हुतं?"

त्यानं जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं. "व्हय आप्पा. तिनं सात तारखेलाच फोन केलता. पाव्हण्यांस्नी पंधरा दिवस पुढं ढकल म्हणत हुती."

"मग?"

"मग काय, ती माणसं बेळगावात हॉटेलात येऊन उतरल्याली."

"आन् त्यास्नी काय सांगिटलंस?"

"वाणच कमी पडलं म्हणून."

मी म्हणालो, वाण नाही, तुझा बाप कमी पडला असं लिही. तर म्हणाला, "एमडीच्या बापानं तळ्यात युरिया वतला, आईनं कडबू टाकलं, आसं लिहू? लोक हसत्याल, आप्पा." मुलाला शिव्या तरी किती घालणार. आपलेच दात, आपलेच ओठ.

बावीस तारखेला टोपी घालून खडेबाजारात ऑफिसला गेलो. दोघेही होते. विक्रमनं माझ्यासाठी चहा मागवला. मी उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं, की वाणात खोट नाही, पोरीची चूक नाही, चूक माझी आहे. दोघांनी माना डोलावल्या. मग ते आपसात हळू बोलायला लागले. माझ्यापुढं हळू बोललं की झालं, मला बाहेर घालवायचीही गरज पडत नाही. मी विचारलं, लिहून घेतलं का? विक्रम कानाशी येऊन ओरडला, "घेतलं, आप्पा." त्याच्यापुढं टेबलावर कागद नव्हता.

हे तुला लिहायला पाच दिवस धीर झाला नाही. तू मला काहीच बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, शिवी खाऊन माणूस मोकळा तरी होतो. तू मात्र कडबू आठवतात म्हणून लिहिलंस.

मी काय करू ते सांग. सांगशील ते करतो.

नागोजी


निपाणी,
१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र काल आलं. त्याच्या दोन दिवस आधी नागेंद्र आणि विक्रम घरी येऊन गेले. फळं आणली होती, बाळासाठी दुपटं आणलं होतं. आणि एक कागद. तब्येतीच्या कारणानं मी कामातून बाजूला होते आहे, यापुढे फक्त सल्लागार, वाण आणि त्याची कागदपत्रं कंपनीच्या मालकीची. विक्रम समजावून सांगत होता. नागेंद्र भिंतीकडे बघत होता. एका बाकावर चार वर्षं शिकलो आम्ही. मी विचारलं, तुला पटतंय का हे? तो म्हणाला, "तू आधी बरी हो गं."

मी सही केली. त्या सकाळी रक्तदाब एकशे साठ होता आणि डॉक्टर म्हणाले होते, आणखी चढला तर बाळाला धोका. भांडायला उठून बसावं लागतं, आणि मला नेमकी तेवढीच बंदी आहे. तुमचं पत्र आधी आलं असतं तरी मी सहीच केली असती असं वाटतं. रडून घेतलं, आजीला कळू न देता.

तुम्हाला बोलले नाही, कारण बोलून तेल परत येणार नव्हतं. आणि चूक तुमची एकट्याची नाही. खाद्य का बंद ठेवायचं ते मी लिहिलं, पण त्या दिवसांत अमावस्या येते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तळ्याकाठी तिघांपैकी कुणीतरी असायला हवं होतं.

एक काम सांगते. पंधरा तारखेला तळी ब्लीचिंग पावडरनं धुऊन नवीन शेवाळ सोडणार आहेत. त्याआधी माझं वाण थोडं वाचवा. लॅबमध्ये आत गेल्यावर डावीकडच्या फळीवर हिरव्या बुचाच्या बाटल्या आहेत, त्यातली एक. ते नाही जमलं तर तळ्यातलं पाणी. मला दुसरं काही नको.

पारमिता


बेळगुंदी,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. पारमिता हिस,
जयभीम.

तू बरी आहेस आणि मुलगी झाली एवढं नागेंद्रकडून कळलं. जयाबाईनं साखर वाटली.

आता तुझ्या कामाचं सांगतो. सौम्याला त्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच कामावरून काढलं. लॅबला बोट टेकवून उघडायचं कुलूप बसवलंय. मी बोट टेकवलं, लाल दिवा लागला. अंगठा टेकवला, तरी तेच. वॉचमन भावकू म्हणाला, "आप्पा, उगंच नगासा तरास करून घिऊ. तुमचं नावच न्हाय ह्यात." जमीन माझी, सातबारा माझा, आणि दाराला मी माहीत नाही. नागेंद्रला म्हटलं एक बाटली दे. तो म्हणाला, ते आता कंपनीचं आहे, विक्रमला विचारावं लागेल. दोन वेळा विचारलं, दोन वेळा तेच उत्तर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग चौदा तारखेला पाच लिटरचा कॅन तीन वेळा धुतला आणि चौथ्या तळ्यातलं पाणी भरून निपाणीची बस धरली. कॅन सगळ्या वाटेत मांडीवर होता. कंडक्टरनं कन्नडात दोनदा ओरडून विचारलं, काय आहे आजोबा? मी म्हणालो, तेल. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, हे तर शेवाळ. मी म्हणालो, तेच ते.

तुझ्या घरी पोचलो तर तुला त्याच पहाटे दवाखान्यात नेलेलं. तुझी आजी तानुबाई एकटीच होती, दवाखान्यातून निरोप यायची वाट बघत. मी कॅन तिच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "आक्का, चूक माझ्या हातनं झालीया." तिला सगळं ठाऊक होतं. म्हणाली, "उपाशी बघवलं न्हाय, एवढंच न्हवं? आमी लई उपास बघितल्यात. कुणी आसं पोतं सोडलं न्हाय कधी. बसा, चा घ्या." मी तिथं बसून लहान पोरासारखा रडलो, तुला सांगायला लाज कसली.

दुसऱ्या दिवशी इथं तळी धुतली. दोन दिवस घरात पावडरीचा वास होता. मी बाहेर गेलो नाही.

कॅनमधलं तुझं वाण जिवंत आहे का, एवढं कळव. दुसरं काही लिहू नकोस, वेळ नसेल तुला. पोस्टमन आला की जयाबाई आधी माझ्या तोंडाकडे बघते.

नागोजी


निपाणी,
१२ मार्च २०२५

आदरणीय आप्पा,
सप्रेम जयभीम.

ते जिवंत आहे.

तुम्ही आणलेला कॅन आजीनं खिडकीत उन्हाला ठेवला होता. मी घरी आल्यावर त्यातून चार बाटल्या केल्या, चारही हिरव्या आहेत. आता त्यांचं मी बघते. तुम्ही आणलं नसतं तर काहीच राहिलं नसतं. तुमच्यावर माझा राग नाही आणि कधीच नव्हता. जयाबाईंना हे वाचून दाखवा.

मुलीचं नाव सोनम ठेवलं. रात्री जागते आणि दिवसा झोपते. ऊन उतरलं की तिला घेऊन बेळगुंदीला येईन, तुम्ही नीट जेवत जा.

तुमची,
पारमिता


निपाणी,
१२ मार्च २०२५

नागेंद्र,

आप्पांनी आणलेल्या पाण्यात माझं वाण नाही. दीपंकर त्याच्या लेकीला बघायला आला तेव्हा कॉलेजातून सूक्ष्मदर्शक घेऊन आला होता. आठवडाभर रोज बघितलं, बाळाला मांडीवर घेऊन. कुठल्याही विहिरीत धरतं तसं साधं शेवाळ आहे. पाणी उघड्यावरचं, त्यात ते आधीपासून थोडंफार असणारच. पोटभर युरिया मिळाल्यावर ते झपाट्यानं वाढलं आणि माझं मागे पडून संपलं. लॅबमधल्या बाटल्या तुम्ही ओतून दिल्यात, हे सौम्यानं सांगितलं. म्हणजे आता ते कुठंच नाही.

तुझ्याशी भांडायला हे लिहीत नाही. भांडायची वेळ होती तेव्हा मला उठता येत नव्हतं, आणि आता भांडून मिळवायचं काही उरलं नाही.

आप्पांना मी आज वेगळं पत्र लिहिलं आहे, की वाण जिवंत आहे. ते तुला विचारतील. कागदावर मोठ्या अक्षरात 'हो' लिहून दाखव. ते इथं आले तर खिडकीतल्या चार हिरव्या बाटल्या मी दाखवीन, त्यांना फरक कळणार नाही. विक्रमलाही बजावून ठेव, चेष्टेतसुद्धा काही बोलायचं नाही.

तुला गप्प बसता येतं, हे मी जानेवारीत पाहिलं. या वेळी त्यांच्यासाठी बस.

पारमिता